कुंकू लावलेली डिस्क

"बाप्पा!" हा शब्द माझ्या तोंडातून दिवसातून किती वेळा निघतो, ते माझ्या बायकोला विचारा. ती म्हणते, लोक रामराम म्हणतात, तुम्ही बाप्पा म्हणता. पण माझा धंदाच असा, की दुसरा शब्द सुचत नाही. पांढुर्णा अन् सौसर या दोन गावांत आणि मधल्या खेड्यांत मी उभी हयात लोकांचे कंप्यूटर सांभाळले. जिनिंगवाले, शाळा, पतसंस्था, संत्र्याचे व्यापारी, दवाखाने, सगळे माझे गिऱ्हाईक. दुरुस्ती तर कोणीही करतो. माझं खरं काम बॅकअपचं. त्यामुळे घोरमाडे हे आडनाव बाजूला राहिलं अन् लोक मला 'बॅकअपवाले भाऊ' म्हणायला लागले. काहीजण तर माझ्यासमोरच विचारतात, "बॅकअप आला का बे?"

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांना सांगतो. तुमच्या आईचा एकच फोटो आहे. त्याची एक प्रत काढून तुम्ही बहिणीच्या घरी ठेवली, की झाला बॅकअप. बहिणीच्याच घरी का? तर तुमच्या घराला आग लागली तरी तिच्या घराला लागत नाही म्हणून. कंप्यूटरमधल्या कागदांचं पण हेच. रोजचं काम एका डिस्कवर उतरवायचं, डिस्क मशीनपासून सोडवायची अन् दुसरीकडे ठेवायची. सोडवायची अशासाठी, की मशीनला रोग झाला तर जोडलेल्या डिस्कलाही होतो. आणि डिस्क म्हातारी झाली की नवी आणायची, जुनी हातोड्याने फोडायची. तिच्यात लोकांच्या घरातल्या, दुखण्याखुपण्याच्या गोष्टी असतात, त्या भंगारात जाता कामा नयेत. बस, एवढंच शास्त्र आहे. एवढ्याचंही लोक काय करतील याचा नेम नाही.

पांढुर्ण्यातल्या एका जिनिंगच्या शेटजींना मी सांगितलं, शेटजी, बॅकअपचा पेनड्राइव्ह सुरक्षित जागी ठेवा. पुढच्या खेपेला गेलो तर पेनड्राइव्ह लिंबू-मिरचीसोबत दोऱ्यात ओवून त्याच कंप्यूटरला टांगलेला! शेटजी म्हणाले, "नजर नको लागाले. याच्याहून सुरक्षित काय राहीन?" लिंबू ताजं होतं, दर शनिवारी बदलत होते. बॅकअप मात्र मागच्या दिवाळीनंतर घेतलाच नव्हता.

एका पतसंस्थेने मात्र माझं नीट ऐकलं. त्यांची डिस्क मॅनेजरच्या साळ्याकडे सावरगावात असे, म्हणजे जाम नदीच्या पलीकडे. मी खूष. अन् मशीन बंद पडली नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ऑडिटवाले येणार म्हणून मॅनेजर अर्धं शटर उघडून बसले होते. मी म्हटलं, साळ्याला फोन लावा, डिस्क मागवा. मॅनेजर ताडकन उठले. "आज? आजच्या दिवशी सावरगाववाल्यासमोर हात पसरू? घोरमाडे, तुम्ही पांढुर्ण्याचेच आहात नं?" सख्खा साळा होता हो त्यांचा! दुसऱ्या दिवशी सकाळी तोच साळा डिस्क घेऊन आला, कपाळाला पट्टी, तोंडभर हसू. दोघं एका प्लेटीत आलूबोंडे खात बसले अन् मी दोघांच्या तोंडाकडे पाहत मशीन जोडत होतो.

असे धक्के मी पचवले. हसून बायकोला सांगितले अन् विसरलो. पण सौसरच्या दवाखान्यातला धक्का अजून अंगातून गेला नाही.

हा दवाखाना ट्रस्टचा आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथं माझं आजही जाणं-येणं आहे आणि चहा चांगला मिळतो. आमच्या भागात सिकलसेल नावाचं दुखणं फार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हाडं ठणकतात, रक्त कमी होतं, कधीकधी बाहेरचं रक्त चढवावं लागतं. जन्मभराचं दुखणं. हा दवाखाना अशा लेकरांना पाहतो. त्यांच्या फायली, नागपूरहून आलेले रिपोर्ट, सगळं स्कॅन करून एका कंप्यूटरमध्ये ठेवलेलं असतं. आणि तो कंप्यूटर सांभाळत होती साधनाताई.

साधनाताई रामाकोन्याहून रोज बसने यायची. तिच्याकडे मी दोन डिस्क दिल्या होत्या. एक दवाखान्यात, एक तिच्या घरी. आठवडा झाला की अदलाबदल. कधी चुकली नाही. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलमध्ये, टॉवेल डब्याच्या थैलीत. मी बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचो, बॅकअप शिकायचा तर सौसरला जा, त्या बाईचे पाय धुऊन पाणी प्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. मॅडम नवीन होत्या, दुसऱ्या गावाहून आलेल्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. म्हणाल्या, "घोरमाडे, लगेच या. एकही फाईल उघडत नाहीये." मी चहा तसाच ठेवला अन् गाडीला किक मारली. रस्त्याने मी निश्चिंत होतो, खोटं कशाला बोलू. मशीन गेली तर गेली. साधनाताईच्या घरी डिस्क आहे, दुपारपर्यंत सगळं उभं करीन, असं म्हणत होतो.

खोलीत पाय ठेवला अन् पाय तिथंच राहिला.

कंप्यूटरला झेंडूचा हार. कीबोर्डवर हळद-कुंकू. समोर रांगोळी, नारळ, आपट्याची पानं. आणि मशीनच्या पुढ्यात लाल कपडा अंथरलेल्या पाटावर दोन्ही डिस्क. दोन्ही! शेजारी शेजारी, कपाळाला कुंकू लावून, दोघींच्या वायरी मशीनमध्ये, दोघींचे निळे लाइट लुकलुक करून राहिलेले. वर स्क्रीनवर इंग्रजीतली चिठ्ठी: तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, चावी पाहिजे तर पैसे द्या.

माझ्या तोंडातून बाप्पासुद्धा निघालं नाही.

"साधनाताई," मी म्हटलं, "घरची डिस्क इथं काहून?"

ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे लाल. "काल दसरा होता नं भाऊ. पूजेले आणली. वर्षभर राबते बिचारी, मशीनची पूजा करायची अन् तिची नाही?"

"बरं, आणली. जोडली काहून?"

"बंद वस्तूची पूजा कशी करावं? लाइट लागला म्हणजे कशी जिवंत वाटते. दरवर्षी तर अशीच करतो आम्ही."

"दरवर्षी?" मी ओरडलोच. "बरं, पूजा झाली, मग काढायची होती!"

"असं काय करता भाऊ? पूजा मांडली का त्या दिवशी हालवतात का कोणी? दुसऱ्या दिवशी सकाळी हळद-कुंकू वाहून मग हालवतात. तुमच्या घरी नाही का करत?"

माझ्याच घरी माझे पेचकस अन् पकड त्या घटकेला पाटावर हार घालून बसले होते. मी त्यांना हात न लावता नुसता लॅपटॉप घेऊन आलो होतो.

मग हळूहळू बाकीचं कळलं. पूजेला आरती पाहिजे म्हणून शिपाईभाऊंनी देवीच्या मंडळातल्या डीजेवाल्याचा पेनड्राइव्ह आणला अन् याच मशीनला लावला. व्हायरस त्यातूनच आला, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, पण माझा संशय तिथंच आहे. आरती होऊन प्रसाद वाटून सगळे घरी गेले. पूजा हालवायची नाही म्हणून मशीन चालू, डिस्क जोडलेल्या. व्हायरसनं आरामात आधी मशीनला कुलूप घातलं, मग एका डिस्कला, मग दुसरीला. आख्ख्या वर्षात जी एक रात्र दोन्ही डिस्क एकदम मशीनला जोडलेल्या राहिल्या, नेमकी तीच त्याला सापडली. चोर, आग, पूर, सगळ्यांचा विचार केला होता मी. भक्तीचा केला नव्हता.

तरी मनात म्हटलं, जाऊ दे, कागदावरून हळूहळू परत भरू. तितक्यात डॉक्टर मॅडमनी मला बाहेर बोलावलं. बाकावर एक माणूस बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, एकदम ताठ. लोधीखेड्याचे गजभिये, नगर पंचायतीत पाण्याच्या टाकीवर कामाला. त्यांची पोरगी समीक्षा आत खाटेवर होती. दहावीतली पोट्टी, ताप येऊन रक्त एकदम खाली गेलेलं, ओठ पांढरेफटक.

"हिला आज रक्त द्यावंच लागेल," मॅडम म्हणाल्या. "नागपूरहून पिशवी आली आहे. जुळवून, तपासून आली आहे. फ्रिजमध्ये आहे. पण हे देऊ देत नाहीत."

गजभिये उठले. "नाही म्हणत नाही जी मी. पण मागं एक डाव तिले अठीच रक्त चढवलं होतं. घरी गेल्यावर चार-सहा दिवसांनी तिची लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले. मरता मरता वाचली पोरगी. तवाच्या डॉक्टरांनी नागपूरले तपासलं अन् सांगतलं, हिले सगळं रक्त चालत नाही, अमुक अमुक खुणेचं चालत नाही. तो कागद होता माझ्यापाशी. उधईनं खाल्ला, घराची भिंतच्या भिंत खाल्ली. पण अठी कंप्यूटरात टाकला होता, माझ्यासमोर टाकला. या ताईनंच टाकला."

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता नवीन तपासणी केली आहे ना, रक्त जुळलं आहे ना, मग झालं की. मॅडमनी मला साध्या शब्दांत समजावलं, तसंच सांगतो. रक्तगट जुळला तरी रक्तावर आणखी बारीक खुणा असतात. चुकीच्या खुणेचं रक्त एकदा अंगात गेलं की शरीर त्याच्याशी लढायला शिपाई तयार करतं. पुढे दोन-तीन वर्षं ते रक्त आलंच नाही तर शिपाई इतके कमी होतात की तपासणीत दिसत नाहीत. रिपोर्ट चांगला येतो, पिशवी जुळते. पण शरीर विसरलेलं नसतं. तेच रक्त परत गेलं की ती फौज पुन्हा उभी होते, अन् या वेळी दुप्पट जोरानं. समीक्षाला मधली तीन वर्षं गोळ्यांवर बरं होतं, रक्त लागलंच नव्हतं. म्हणून कोणत्या खुणेचं रक्त नको, हे फक्त त्या जुन्या कागदावर होतं. तेव्हाचे डॉक्टर नोकरी सोडून गेलेले, फोन लागत नाही. नागपूरची ती लॅब बंद पडलेली.

"किती थांबू शकतो?" मी विचारलं.

"थांबायला नकोच आहे," मॅडम म्हणाल्या. "दिलं नाही तरी धोका, दिलं तरी धोका. तो कागद मिळाला तर नागपूरहून बरोबर पिशवी संध्याकाळपर्यंत मागवता येईल. नाहीतर हीच लावावी लागेल."

मी परत त्या खोलीत गेलो. सगळं करून पाहिलं. एक फाईल उघडेल तर शपथ. राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. काढला साधनाताईवर. "तुमच्यापेक्षा ते शेटजी बरे! लिंबू-मिरची तरी लावतात, लाइट लावत नाहीत!" नको ते बोललो. ती पदर तोंडाला लावून नुसती रडून राहिली. मग मी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, "जुनी डिस्क तरी असती. मागच्या वर्षी नवी दिली तेव्हा ती तर तुम्ही फोडली."

तिचं रडणं थांबलं.

"हातोडा दिला होता ना मी तुम्हाला? फोडली ना?"

ती मशीनवरचा हार सरळ करायला लागली.

"साधनाताई?"

"रागावू नका भाऊ." खाली मान घालून ती म्हणाली, "नाही फोडली."

"काय?"

"ज्याले कुंकू लावलं त्याच्यावर हातोडा कसा मारावं, तुम्हीच सांगा. हात उचलला होता मी, खरंच उचलला. नाही झालं. हातोडा नारळ फोडाले ठेवला. डिस्क नेली घरी."

धक्क्यावर धक्का! रोग्यांची माहिती असलेली डिस्क, जी चुरा व्हायला पाहिजे होती, ती वर्षभर एका घरात! दुसऱ्या वेळी मी त्यावरून दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्या वेळी मी तिचे दोन्ही खांदे धरून विचारलं, "कुठं आहे?"

"देवाच्या फुटक्या मूर्ती, जुने फोटो ठेवतो नं आम्ही, त्याच्यात. आत्याबाई नर्मदेवर जाईन तवा शिरवायची होती." आत्याबाई म्हणजे तिची सासू. शिरवणं म्हणजे पाण्यात सोडणं. मग साधनाताईचे डोळे मोठे झाले. "भाऊ, आत्याबाई आजच जाऊन राहिली नर्मदेवर! जीप येणार होती घरी!"

फोन लावला तर आत्याबाईचा फोन बंद. साधनाताईला गाडीवर बसवून मी रामाकोन्याचा रस्ता धरला. आयुष्यात गाडी इतकी जोरात कधी हाणली नाही, अन् मागे बसलेली बाई सारखी "हळू भाऊ" न म्हणता "जोरानं भाऊ" म्हणते, हे पण पहिल्यांदाच ऐकलं.

घरासमोर जीप उभी होती. चार म्हाताऱ्या आत बसलेल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेला. आत्याबाई ओट्यावर चपला घालत होती, अन् तिच्या शेजारी सुतळीनं आवळलेलं गाठोडं.

"आत्याबाई, गाठोडं सोडा!" साधनाताई गाडीवरून उतरता उतरता ओरडली.

म्हातारीनं वर पाहिलं. "काहून व? बांधलेलं देवाचं गाठोडं परत सोडत नसतात. अन् तू ड्युटी सोडून अठी काय करून राहिली? हा कोण?"

"त्याच्यात डिस्क आहे, आत्याबाई. दवाखान्याची."

"माहीत आहे मले. मीच तर बांधली, गणपतीच्या मांडीवर ठेवून. तिले शिरवून येतो."

मी पुढं झालो. "आत्याबाई, एका पोरीला रक्त द्यायचं आहे. कोणतं द्यायचं अन् कोणतं नाही ते त्या डिस्कमध्ये लिहिलेलं आहे. दुसरीकडे कुठंच नाही."

म्हातारी एकदम भडकली. "मग तोंड काय पाहून राहिले माझं, मेल्याहो! आण व साधना, विळा आण!" गाठ सोडत बसली नाही, सुतळी विळ्यानं सपकन कापली. सोंड तुटलेला गणपती, काच फुटलेला लक्ष्मीचा फोटो, वाळलेले हार, आणि मधोमध लाल कपड्यात माझी जुनी डिस्क. माझ्या हातात देताना म्हातारीनं विचारलं, "याच्यावर हातोडा मारा म्हणून सांगणारा तूच का रे तो?"

"मीच."

"हं," म्हणाली, अन् गाठोडं परत बांधायला बसली.

दवाखान्यात आलो. डिस्कची वायर जिथं लागते त्या फटीत वर्षानुवर्षांची हळद अन् कुंकू घट्ट बसलेलं. ब्रशनं, सुईनं कोरून कोरून काढलं. सुई दोनदा खाली पडली. दवाखान्याच्या मशीनला ती आता मी मेलो तरी लावणार नव्हतो, माझ्या लॅपटॉपला लावली. मागे मॅडम, साधनाताई, गजभिये. एक क्षण काहीच नाही. मग डिस्क आतून घुरघुरली अन् निळा लाइट लागला. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ती जिवंत वाटली.

समीक्षाचं नाव टाकलं. कागद उघडला. मॅडमनी स्क्रीनला नाक लावून वाचला, ई अन् केल अशा दोन खुणांची नावं कागदावर लिहिली अन् फोन घेऊन बाहेर धावल्या. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, उशीर झाला.

"बरोबर पिशवी निघाली आहे नागपूरहून," त्या म्हणाल्या, अन् खुर्चीत बसल्या. "फ्रिजमधली जी पिशवी आहे ना, तिचा नमुना नागपूरच्या रक्तपेढीत ठेवलेला होता, तो त्यांनी तपासून पाहिला. तिच्यात ई आहे."

गजभियेंनी भिंत धरली. ती पिशवी जुळलेली होती, शिक्का मारलेली होती, वर समीक्षाचं नाव होतं. सुई टोचायचीच काय ती बाकी होती. मी उगाच जाऊन फ्रिजचं दार नीट लागलं आहे का पाहून आलो. संध्याकाळी दुसरी पिशवी आली, चढली. पुढचे आठ-दहा दिवस मी रोज फोन करून एकच विचारत होतो, लघवीचा रंग कसा आहे? मॅडमही न हसता उत्तर द्यायच्या. पोरगी उठली, घरी गेली.

ट्रस्टच्या एका साहेबांनी मिटिंगमध्ये साधनाताईला काढून टाका म्हटलं. बरोबरच होतं एका अर्थानं, दोन नियम तिनं मोडले होते. मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग मलाही काढता का? त्या पिशवीवर माझीच सही होती." साहेब पाणी प्यायले अन् त्यांनी पुढचा विषय घेतला. मला विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, ते मला आजही माहीत नाही. तिनं एक नियम मोडला म्हणून सगळं बुडालं, अन् दुसरा मोडला होता म्हणून पोरगी वाचली. आता हे कोणत्या नियमात बसवायचं? मी एवढंच केलं, की घरच्या डिस्कची पूजा घरी, दवाखान्याच्या डिस्कची दवाखान्यात, अन् पूजेत लाइट बंद, असा नवा नियम तिला पाठ करायला लावला. "लाइट बंद?" तिचं तोंड पडलं. "भाऊ, निदान समई तरी लावू द्या." समईला मी परवानगी दिली, पण हातभर दूर.

जुन्या डिस्कवरून सगळं परत उभं केलं, मधल्या वर्षाचं कागद पाहून पाहून भरलं. मग प्रश्न उरला त्या डिस्कचा. नियमाप्रमाणे तिला आता खरोखर फोडायला पाहिजे होतं. साधनाताईनं कपाटातून हातोडा काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला अजून नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या होत्या. "घ्या," म्हणाली, "तुम्हीच मारा. मी बाहेर जाते."

तेवढ्यात गजभिये समीक्षाला घेऊन तपासणीला आले. दारातच थांबले. "हेच का जी ते?" मी हो म्हटलं. "आमच्या घरी पूजापाठ नाही, साहेब. पण पाहू द्या." त्यांनी दोन्ही हातांनी डिस्क घेतली, उलटीसुलटी पाहिली अन् पोरीच्या हातात दिली. समीक्षा म्हणाली, "एवढीशी? मले वाटलं मोठी असन." मग तिनं मला विचारलं, "माझं नाव यातच आहे का अजून?" मी म्हटलं, यात आहे, अन् आता आणखी तीन जागी आहे. "मग ठीक," म्हणाली, अन् डिस्क परत दिली. ते आत गेले.

मी हातोडा उचलला. पुढ्यात ठेवलेल्या त्या डिस्ककडे पाहिलं, अन् बाप्पा, माझाही हात वरच राहिला. साधनाताई दाराआडून पाहून राहिली होती. हसली नाही, हे तिचे उपकार.

डिस्क घरी नेली. फोडायची नाही, तर दुसरा रस्ता असतो, वेळखाऊ असतो. सुरुवातीपासून शेवटापर्यंत तिच्यावर शून्यं लिहीत जायचं, एकावर एक, म्हणजे खालचं अक्षर कोणालाच सापडत नाही. तसं केलं. परत तपासलं. कोणाचं नाव नाही, कोणाचं दुखणं नाही. मग त्याच लाल कपड्यात गुंडाळून रामाकोन्याला नेऊन दिली. आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, संक्रांतीला पुन्हा नर्मदेवर जाणार होती.

"हातोडा नाही मारला?" तिनं विचारलं.

"नाही. आतलं सगळं पुसून आणलं."

तिनं कपडा सोडून पाहिलं.

"अन् वरचं कुंकू?"

"ते नाही पुसलं, आत्याबाई."